रात्रीच्या लढाऊ विमानातलं रडार: लांबचं दिसायचं आणि जवळचं का नाही?

केळीबाग_यावल:
नमस्कार मंडळी. दोन दिवसांपासून एक प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून इथं टाकतोय. आमच्याकडे या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची राहते, साडेबाराला येते, त्यामुळे केळीला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. मोटर चालू केली की बांधावर बसून मोबाईलवर दुसऱ्या महायुद्धाचं वाचत राहतो. परवा लंडनवरच्या रात्रीच्या बॉम्बहल्ल्यांचं वाचत होतो आणि नेमकं तेव्हाच वरून एक विमान गेलं. लाल दिवा लुकलुकत होता म्हणून दिसलं तरी, दिवा नसता तर आवाज कुठून येतोय तेही धड कळलं नसतं. चांदणं नव्हतं, दहा पावलांवरचं केळीचं झाड दिसत नव्हतं, आणि मनात आलं की अशा अंधारात एका विमानाने दुसरं विमान शोधून पाडायचं म्हणजे काय करायचं?

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. १९४० मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर रडारचे उंच टॉवर होते, त्यांच्या जोरावर दिवसाची लढाई जिंकली असं सगळीकडे लिहिलेलं आहे, मग तेच टॉवर रात्री का कामाला आले नाहीत, विमानाच्या आत वेगळं रडार बसवायची गरज का पडली? आणि दुसरं, एके ठिकाणी वाचलं की सुरुवातीच्या विमानातल्या रडारवर लांबचं विमान दिसायचं पण अगदी जवळ गेलं की गायब व्हायचं. मला हे उलटं वाटतं. जवळचं तर जास्त चांगलं दिसायला पाहिजे ना? कोणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा, घाई नाही, आमचं पाणी पहाटेपर्यंत चालतं.

भुसावळ_कंट्रोल:
भाऊ पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, दुसऱ्याचं जाणकार सांगतील. मी रेल्वेत कंट्रोल ऑफिसला होतो म्हणून मला हे आमच्याच भाषेत समजलं. कंट्रोलरला कळतं की गाडीने भादली सोडली आणि जळगाव यायचंय. मधे ती नेमकी कोणत्या खांबापाशी आहे ते त्याला दिसत नाही, आणि त्याला त्याची गरजही नसते, कारण पुढचा सिग्नल ड्रायव्हर स्वतःच्या डोळ्याने बघतो. किनाऱ्यावरच्या त्या टॉवरांच्या साखळीचं, चेन होम म्हणायचे तिला, असंच होतं. विमानं अमुक दिशेने येताहेत, साधारण इतकी आहेत, इतक्या उंचीवर आहेत एवढं सांगायची, पण त्यात काही मैलांचा फरक राहायचा. दिवसा तेवढं पुरायचं, पायलट तिथं पोचला की पाच मैलांवरून त्याला डोळ्यानेच थवा दिसायचा. रात्री तोच पायलट तिथं पोचला की समोर नुसता काळोख.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. ते टॉवर समुद्राकडे तोंड करून होते. विमानं किनारा ओलांडून आत आली की पुढचं काम जमिनीवरच्या निरीक्षकांचं, म्हणजे टेकडीवर दुर्बीण घेऊन बसलेल्या माणसांचं. रात्री ढगांच्या वर गेलेलं विमान त्यांना कसं दिसणार? म्हणजे आत आल्यावर कंट्रोलही आंधळा आणि ड्रायव्हरही आंधळा. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्री शहर जळालं तेव्हा रात्रभर इंग्लंडची विमानं आकाशात होती आणि त्यांना एकही जर्मन विमान पाडता आलं नाही. खाली शहर जळतंय, वर आपण बंदुका घेऊन फिरतोय आणि शत्रू सापडत नाही, त्या पायलटांना काय वाटलं असेल याचा विचार मी खूप वेळा केलाय.

निवृत्त_वायुसैनिक_धुळे:
भुसावळच्या भाऊंनी पहिला भाग एकदम बरोबर सांगितला. मी हवाई दलात रडार दुरुस्तीच्या ट्रेडला होतो, वीस वर्षं काढली, आता धुळ्याला घरीच आहे. दुसरा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे लांब लिहितो, सांभाळून घ्या.

तुमच्या मळ्यात जुनी मोटेची विहीर असेल. तिच्या काठावर वाकून लांबलचक "ओऽऽऽ" करून हाक मारा. खालून आवाज परत येतो, पण तुम्ही अजून ओरडतच असता त्यामुळे तो तुमच्याच आवाजात बुडून जातो. आता हाक मारू नका, नुसती एक टाळी वाजवा. टाळी संपलेली असते, तुम्ही गप्प असता, आणि मग खालून टाळी परत येते. रडारचं अगदी हेच. ते रेडिओलहरीचा एक झटका सोडतं, त्याला पल्स म्हणतात, आणि मग गप्प राहून ऐकतं. झटका चालू असेपर्यंत रिसीव्हर बहिरा राहतो. रेडिओलहर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जाते, जाऊन परत यायचं धरलं तर १५० मीटर. म्हणजे झटका अशा दोन भागांइतका लांब असला तर ३०० मीटरच्या आतलं काहीच कळणार नाही, आणि झटका संपल्यावर रिसीव्हरला परत भानावर यायला जो वेळ लागतो तो वेगळाच. समोरचं विमान जितकं जवळ तितका त्याचा पडसाद लवकर येतो, आणि लवकर आला की तो तुमच्याच हाकेत बुडतो. म्हणून जवळचं दिसत नाही.

किनाऱ्यावरच्या टॉवरला याने काही फरक पडत नव्हता, त्याला शत्रू लांबच बघायचा होता. पण अंधाऱ्या रात्री पायलटला उघड्या डोळ्याने समोरचं विमान दिसायचं तेच मुळी तीनेकशे मीटरच्या आत. आता अडचण बघा, रडार तीनशे मीटरवर बंद पडतं आणि डोळा तीनशे मीटरच्या आत आल्यावर चालू होतो, मधे जराशी जरी फट राहिली तरी शत्रू त्या फटीतून निसटला. सगळे लोक रडार किती लांबचं बघतं तेच विचारतात, पण रात्रीच्या विमानांच्या बाबतीत खरी झुंज जवळच्या अंतराशी होती. माझं तर मत आहे की हा सगळा इतिहास शेवटच्या तीनशे मीटरचा इतिहास आहे.

आता माणसांकडे येतो. हेन्री टिझर्ड नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९३६ मध्येच ओळखलं की टॉवरांमुळे दिवसाचे हल्ले परवडेनासे झाले की जर्मन रात्री येतील. युद्ध सुरू व्हायच्या तीन वर्षं आधी! त्यातून विमानात बसेल असं रडार करायचं काम एडवर्ड बोवेन या वेल्श तरुणाकडे आलं. तेव्हा चेन होमचे टॉवर ३६० फूट उंच, लहरी दहा मीटरच्या वर लांब, ट्रान्समीटर ठेवायला खोली लागायची. आणि बोवेनने स्वतःला घालून घेतलेली मर्यादा काय, तर सगळं मिळून २०० पौंड वजन, आठ घनफूट जागा आणि ५०० वॅट वीज. म्हणजे एका पोत्याचं वजन आणि एका कपाटाची जागा. ती ५०० वॅट वीजसुद्धा विमानात तयार नव्हती, तिच्यासाठी इंजिनावर चालणारा वेगळा अल्टरनेटर करून घ्यावा लागला. सप्टेंबर १९३७ मध्ये त्याने ॲन्सन विमानात आपला संच बसवला आणि उत्तर समुद्रात ढगाळ हवेत ब्रिटिश आरमाराची जहाजं शोधून काढली, ज्या हवेत बाकीच्या शोध घेणाऱ्या विमानांना परत बोलावलं होतं.

जहाज सापडणं सोपं, ते मोठं आणि संथ. विमान अवघड. १९३९ च्या जूनमध्ये फायटर कमांडचे प्रमुख ह्यू डाउडिंग स्वतः हा संच बघायला बोवेनबरोबर फेअरी बॅटल विमानात बसले. दोघं काळ्या कापडाखाली डोकं घालून स्क्रीन बघताहेत, दिवसाच रात्रीचा सराव. पडद्यावर ठिपका जवळ जवळ येत गेला. डाउडिंगने विचारलं दुसरं विमान आहे तरी कुठे, म्हणून कापड काढलं आणि बोवेनने सरळ वर बोट केलं. ते विमान जवळजवळ डोक्यावरच होतं, इतकं जवळ की डाउडिंग दचकले आणि पायलटला लांब जायला सांगा म्हणाले. पण त्या एका फेरीत त्यांनी जे हेरलं ते मला फार मोठं वाटतं. त्यांनी सांगितलं की कमीत कमी अंतर हीच खरी गोष्ट आहे, पायलटने विमान चालवावं आणि रडार बघायला वेगळा माणूस पाहिजे, म्हणजे विमान दोन जणांचं पाहिजे, ते खूप वेळ हवेत राहिलं पाहिजे आणि बंदुका अशा पाहिजेत की एका फटक्यात काम व्हावं, कारण रात्री दुसरी संधी नाही. पुढची सगळी विमानं याच मापाने झाली.

आधीच्या संचांचं कमीत कमी अंतर हजार फुटांच्या आसपास राहायचं. ईएमआय म्हणजे ग्रामोफोनवाली कंपनी, तिथल्या ॲलन ब्लमलाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी झटका आखूड आणि तीक्ष्ण तुटेल असा नवा मॉड्युलेटर करून दिला, आणि एआय मार्क ४ (एआय म्हणजे एअरबोर्न इंटरसेप्शन, विमानातून विमान अडवायचं रडार) नावाच्या संचात ते अंतर ४०० फुटांवर आलं. फट बुजली. हाच ब्लमलाइन ७ जून १९४२ ला रडारच्या चाचणीला गेलेलं हॅलिफॅक्स विमान कोसळून गेला, ३८ वर्षांचा होता. त्याचं नाव घेतल्याशिवाय मी हा विषय कधी सांगत नाही.

जेवायला बोलावताहेत, स्क्रीनचं नंतर सांगतो.

केळीबाग_यावल:
काका, विहिरीच्या उदाहरणाने डोक्यात लखकन प्रकाश पडला. इतक्या ठिकाणी वाचलं पण असं कोणी सांगितलं नव्हतं. विहीर आहे ना मळ्यात, मोटेचीच, आजोबांच्या वेळची, करून बघतो. स्क्रीनचं जरूर सांगा. आणि मार्क ४ लांबचं किती बघायचं?

निवृत्त_वायुसैनिक_धुळे:
आलो. लांबचं किती, तर तुम्ही जितके उंच तितकंच. पंधरा हजार फुटांवर उडत असाल तर पंधरा हजार फूट, म्हणजे जेमतेम पाच किलोमीटर. कारण या संचाची दीड मीटरची लहर कंदिलासारखी सगळीकडे पसरते, पुढे जाते तशी खालीही जाते, आणि जमीन एवढी मोठी की तिचा पडसाद आला की बाकी सगळं त्यात गाडलं जातं. म्हणून खालून उडणारं विमान या संचाला सापडायचंच नाही.

आता ऑपरेटरला काय दिसायचं ते. नकाशासारखं चित्र डोळ्यासमोर आणू नका, तसलं काही नव्हतं. दोन छोट्या गोल काचा, प्रत्येकीवर एक हिरवी रेघ. एकीवर रेघ उभी, दुसरीवर आडवी. उभ्या रेघेच्या टोकाला जमिनीचा पडसाद झाडासारखा फांद्या पसरून बसलेला, आणि त्या झाडाच्या खाली रेघेवर एक बारीक आडवी काडी, ते शत्रूचं विमान. काडी डावीकडे जास्त लांब असली तर विमान डावीकडे, उजवीकडे जास्त असली तर उजवीकडे, दोन्हीकडे सारखी झाली तर सरळ समोर. आडव्या रेघेवर त्याच पद्धतीने वर का खाली ते कळायचं. आतमध्ये एक मोटर स्विच फिरवत राहायची, पंखांवरच्या चार अँटेनांना आळीपाळीने जोडायची, त्यातून हे डावं-उजवं, वर-खाली निघायचं. विमान हेलकावे खातंय, काडी थरथरतेय, आणि ऑपरेटरने रबराच्या मुखवट्यात तोंड खुपसून त्या दोन काड्यांच्या लांबीतला फरक बघायचा आणि पायलटला शब्दात सांगत राहायचं, थोडं डावीकडे, अजून, आता सरळ, वेग कमी, वर आहे तो. पायलटला पडदा दिसत नाही, ऑपरेटरला आकाश दिसत नाही. दोघांचं एकमेकांच्या आवाजावर चालायचं. वेग जास्त झाला तर शत्रूच्या पुढे निघून जायचं आणि मग आपणच त्याच्या बंदुकीसमोर, म्हणून मागून, जरा खालून, हळूहळू वर सरकत जायचं. खालून यासाठी की वर बघितलं तर आकाश जरासं उजळ राहतं, त्यावर विमानाची काळी सावली उमटते, आणि वरच्याला मात्र खालच्या काळ्या जमिनीवर तुम्ही दिसत नाही.

पहिलं यश २२-२३ जुलै १९४० च्या रात्री मिळालं, ब्लेनहाइम विमानातल्या ॲशफील्ड आणि त्याच्या दोन साथीदारांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापाशी एक डॉर्नियर, म्हणजे जर्मन बॉम्बफेकी विमान, पाडलं. पण ब्लेनहाइम संथ होतं, कित्येकदा काडी पडद्यावर दिसत राहायची आणि विमान हळूहळू लांब जाऊन निसटायचं. ब्यूफायटर आलं तेव्हा वेगही मिळाला आणि नाकाखाली चार वीस मिलिमीटरच्या तोफा मिळाल्या. १९-२० नोव्हेंबर १९४० ला जॉन कनिंगहॅमने ब्यूफायटरमधून मार्क ४ च्या मदतीने आपलं पहिलं जर्मन विमान पाडलं, कॉव्हेंट्रीनंतर पाचच दिवसांनी.

तरी एक कडी राहिली होती, ती भुसावळच्या भाऊंच्या खात्यातली आहे.

भुसावळ_कंट्रोल:
हो काका, जीसीआय ना, ग्राउंड कंट्रोल्ड इंटरसेप्शन, जमिनीवरून विमानाला शत्रूच्या मागे नेऊन लावायचं. १९४१ च्या सुरुवातीला जमिनीवर फिरत्या अँटेनाचं रडार आलं, आणि त्याला गोल नकाशासारखा पडदा, मधे आपलं केंद्र आणि भोवती फिरणारी रेघ, आपण आज सिनेमात बघतो तसा. त्यावर आपलं विमान आणि शत्रूचं विमान दोन्ही एकाच पडद्यावर दिसायचं. कंट्रोलर थेट पायलटशी बोलून त्याला वळवत वळवत शत्रूच्या मागे दोन-तीन मैलांवर आणून ठेवायचा आणि मग विमानातल्या रडारची काडी उमटली की पुढचं ऑपरेटरच्या हातात. म्हणजे टॉवरने सावध करायचं, जीसीआयने मागे नेऊन लावायचं, एआय रडारने तीनशे मीटरपर्यंत न्यायचं आणि शेवटचं डोळ्याने. यातलं एक जरी तुटलं तर बाकीची फुकट. १९४१ च्या मार्चपासून मेपर्यंत रात्री पडणाऱ्या जर्मन विमानांची संख्या महिन्यागणिक जवळजवळ दुप्पट होत गेली ती या सगळ्या कड्या एकदम जुळल्या म्हणून.

अमळनेर_०२५८७:
कनिंगहॅमचं वाचलंय मी, तो गाजरं खायचा म्हणून त्याला रात्री दिसायचं, त्याला मांजरडोळ्या म्हणायचे. आमची आजी पण म्हणायची गाजर खा, डोळे चांगले राहतील.

निवृत्त_वायुसैनिक_धुळे:
दादा, गाजराची गोष्ट सरकारनेच पसरवली होती. रात्री विमानं का पडायला लागली हे लोक विचारत होते आणि रडारचं नाव घेता येत नव्हतं, म्हणून कनिंगहॅमला मांजराचे डोळे आहेत, तो गाजरं खातो असं छापून आणलं. कनिंगहॅमला ते नाव आवडायचं नाही, आणि मला वाटतं बरोबरच आहे, कारण त्यात त्याच्या ऑपरेटरचं, जिमी रॉन्सलीचं, नाव पुसलं जात होतं. डोळे रॉन्सलीचे होते आणि तेही पडद्यावर. आजींचं मात्र चुकीचं नाही, अ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो हे खरंच आहे, पण ज्याला ते पुरेसं मिळतंय त्याला जास्त गाजरं खाऊन अंधारात विमान दिसायला लागत नाही.

जळगाव_इलेक्ट्रॉनिक्स:
मी डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. दोन गोष्टी जोडते.

पहिली, आपल्यापैकी जे पस्तीस-चाळीसच्या पुढचे आहेत त्यांनी मार्क ४ ची अँटेना जवळपास बघितलेली आहे! तो संच १९३ मेगाहर्ट्झवर चालायचा. दूरदर्शनचे बरेच चॅनल १७४ ते २३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात यायचे. लहरीची लांबी सारखी म्हणून दांड्यांची लांबीही सारखी, साधारण पाऊण मीटर. छतावर चढून "आलं का, आलं का" करत ज्या ॲल्युमिनियमच्या दांड्या आपण फिरवल्या, त्याच मापाच्या दांड्या ब्लेनहाइमच्या नाकावर आणि पंखांवर होत्या. आणि हा योगायोग नाही, कारण बोवेनला चांगला रिसीव्हर मिळाला तोच मुळी पाय (Pye) नावाच्या ब्रिटिश कंपनीच्या टीव्ही संचातला. बीबीसीचं टीव्ही प्रसारण १९३६ ला सुरू झालेलं, त्याच्यासाठी केलेली रिसीव्हरची पट्टी त्यांनी उचलली आणि विमानात बसवली. तिच्यातला ईएफ ५० नावाचा व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीची काचेची नळी, हॉलंडच्या फिलिप्सचा, त्याचा साठा १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरायच्या जरा आधी इंग्लंडला हलवला. मुलांना मी नेहमी सांगते की घरातल्या करमणुकीच्या वस्तूत बसलेलं ज्ञान कधी कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही.

दुसरी, काकांनी कंदील म्हटलं ना, तर कंदिलाची बॅटरी कशी झाली ते. लहर जितकी आखूड तितक्या छोट्या तबकडीने तिचा झोत करता येतो. दीड मीटरच्या लहरीचा अरुंद झोत करायचा तर घराएवढी तबकडी लागेल, ती विमानात कशी बसणार. दहा सेंटिमीटरची लहर असली तर नाकात मावणारी तबकडी पुरते. पण दहा सेंटिमीटरची लहर दणक्यात तयार करणारं काही नव्हतंच. २१ फेब्रुवारी १९४० ला बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालू केला. तांब्याचा एक गोळा, त्यात गोल भोकं पाडलेली, मधे इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड, बाहेरून जाड चुंबक. इलेक्ट्रॉन मधून निघून चुंबकामुळे गोल गोल फिरतात आणि त्या भोकांच्या तोंडावरून जाताना, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की शिटी वाजते ना, तशी लहर वाजवतात. पहिल्याच दिवशी साधारण ४०० वॅट निघाले, काही महिन्यांत किलोवॅटमध्ये गेले. मी वर्गात बंद पडलेल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन कापून दाखवते, त्याच कुळातला. मुलं तो हातात घेऊन फिरवून फिरवून बघतात.

मग १९४२ मध्ये एआय मार्क ७ आणि पुढे मार्क ८, नाकात फिरणारी तबकडी, झोत मळसूत्रासारखा फिरत फिरत बाहेर जाणारा. त्यावर काम करणाऱ्यांत बर्नार्ड लव्हेल होते जे पुढे रेडिओ दुर्बिणीसाठी ओळखले गेले, आणि ॲलन हॉजकिन, ज्यांना १९६३ मध्ये मज्जातंतूंच्या कामासाठी नोबेल मिळालं. झोत सगळीकडे पसरत नाही म्हणून उंचीची अट सुटली, समुद्रावर खालून येऊन सुरुंग टाकणारी विमानंसुद्धा सापडायला लागली.

केळीबाग_यावल:
ताई, बाटलीच्या शिटीचं फार आवडलं. मी रात्री डुकरं बघायला बॅटरी मारतो तेव्हा धुकं असलं की समोर पांढरी भिंतच दिसते, कंदिलाने तर काहीच नाही दिसत, म्हणजे त्या जमिनीच्या पडसादाचं दुखणं मला आता समजतंय. जर्मनांकडे असं काही नव्हतं का मग?

चाळीसगावकर:
होतं भाऊ, आणि ती बाजू वाचल्याशिवाय हा विषय अर्धाच राहतो. १९४१ पासून रात्रीचे हल्ले उलट्या बाजूने वाढले, आता इंग्लंडची बॉम्बफेकी विमानं जर्मनीवर जायला लागली आणि शोधायचं काम जर्मनांवर आलं. टेलिफुंकन कंपनीने लिश्टनश्टाइन नावाचा संच केला, ४९० मेगाहर्ट्झचा, आणि ऑगस्ट १९४१ मध्ये लुडविग बेकरने त्याच्या मदतीने पहिलं ब्रिटिश विमान पाडलं. पण नाकावर दांड्यांचं जंगल आलं, हवेचा विरोध वाढून वेग कमी झाला म्हणून बरेच जर्मन पायलट तो संच नको म्हणायचे. दोन्हीकडे पायलटांना आधी पटवावं लागलं हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग सुरू झाला तो लपंडाव मला सगळ्यात भीषण वाटतो. ९ मे १९४३ ला एक युंकर्स ८८ हे जर्मन विमान आपल्या संचासकट स्कॉटलंडला उतरलं, त्यातले लोक फितूर झालेले. ब्रिटिशांना फ्रिक्वेन्सी हातात मिळाली. २४-२५ जुलै १९४३ ला हॅम्बर्गवर जाताना ब्रिटिश विमानांनी आकाशातून चंदेरी कागदाच्या पट्ट्या सोडल्या, लांबी साधारण २७ सेंटिमीटर, रडारच्या लहरीच्या निम्मी. एका गठ्ठ्याचा पडसाद एका विमानाएवढा. जर्मन पडद्यांवर हजारो विमानं दिसायला लागली आणि खरं कोणतं ते कळेना. त्या आठवड्यात हॅम्बर्गमध्ये हजारो सामान्य माणसं जळून मेली. जर्मनांनी उत्तर म्हणून एसएन २ काढलं, ९० मेगाहर्ट्झच्या आसपासचं, लहर तीन मीटरच्या वर म्हणून त्या पट्ट्यांचा परिणाम नाही, पण दांड्या एवढ्या मोठ्या की त्यांना हरणाची शिंगं म्हणायचे. म्हणजे ताई म्हणाल्या तसं जग आखूड लहरीकडे चाललं होतं आणि हे लोक नाइलाजाने लांब लहरीकडे गेले.

शेवटचं सांगतो. ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांच्या शेपटीत मोनिका नावाचं रडार होतं, मागून कोणी आलं तर सावध करणारं. १३ जुलै १९४४ ला एक जर्मन युंकर्स वाट चुकून इंग्लंडच्या वूडब्रिज धावपट्टीवर उतरलं, आणि त्याच्यात असा रिसीव्हर सापडला जो मोनिकाच्याच लहरी ऐकून सरळ तिच्या मागे यायचा. जे रडार जीव वाचवायला बसवलं तेच अंधारात दिवा लावल्यासारखं शत्रूला बोलवत होतं. मोनिका लगेच काढून टाकली. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे ५५ हजारांवर वैमानिक आणि साथीदार या युद्धात गेले, वीस-बावीस वर्षांची पोरं होती बहुतेक. त्यातले किती त्या मोनिकामुळे गेले असतील असा विचार आला की झोप लागत नाही.

नंदुरबार_सातपुडा:
सगळे युरोपचं लिहिताहेत म्हणून आपल्याकडचं टाकतो. २० डिसेंबर १९४२ पासून जपान्यांनी कोलकात्यावर रात्रीचे हल्ले सुरू केले, लोक शहर सोडून निघाले. रात्री त्यांना अडवणारं काही नव्हतं. जानेवारी १९४३ मध्ये रडारवाली ब्यूफायटर विमानं कोलकात्याच्या डमडम विमानतळावर आली, १७६ स्क्वाड्रनची, आणि १५ जानेवारीच्या रात्री प्रिंग नावाच्या फ्लाइट सार्जंटने काही मिनिटांत तीन जपानी बॉम्बफेकी विमानं पाडली. चार दिवसांनी त्याच स्क्वाड्रनच्या क्रॉम्बीने पुन्हा जपानी विमानं पाडली. म्हणजे हे मार्क ४ वगैरे आपल्या आकाशातसुद्धा वापरलं गेलंय. स्वातंत्र्यानंतर पन्नासच्या दशकात आपल्या हवाई दलाने व्हॅम्पायर विमानाचा रात्रीचा प्रकार घेतला, १० नंबरच्या स्क्वाड्रनकडे होता, पायलट आणि रडारवाला शेजारी शेजारी बसायचे. काका, तुम्हाला त्याचं काही माहीत आहे का?

निवृत्त_वायुसैनिक_धुळे:
माझ्या आधीची विमानं ती, पण आमचे एक उस्ताद त्या संचावर शिकलेले होते. त्या व्हॅम्पायरमधलं रडार मूळ अमेरिकन, एससीआर ७२०, ब्रिटिशांनी त्याला एआय मार्क १० नाव दिलं. त्याची गंमत अशी की सप्टेंबर १९४० मध्ये टिझर्डच्या मंडळाबरोबर बोवेनच मॅग्नेट्रॉन घेऊन जहाजाने अमेरिकेला गेला, तिथं एमआयटी या विद्यापीठात मोठी प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिथून हा संच निघाला, मग तो फिरून इंग्लंडच्या मॉस्किटो विमानात आला आणि तिथून आपल्याकडे. उस्ताद सांगायचे की संच दुरुस्त करणं सोपं, पण ऑपरेटर जे बोलतो ते पायलटला पटलं पाहिजे, ते दुरुस्त करायला कुठलं टेस्टर नाही. कोणाची जोडी कोणाबरोबर लावायची यावर ते लोक फार विचार करायचे.

केळीबाग_यावल:
मंडळी, काल रात्री विहिरीवर करून बघितलं. पाणी सत्तर फुटांवर गेलंय सध्या. आधी लांब हाक मारली, काही कळलं नाही, नुसता आवाज घुमला. मग मोटर बंद केली, पोरीला सोबत नेलं होतं, तिने टाळी वाजवली आणि खालून बारीक, पण वेगळी, दुसरी टाळी आली. सत्तर फूट जाऊन सत्तर फूट यायचं, आवाजाला सेकंदाचा आठवा भाग लागतो असं तिने मोबाईलवर हिशेब करून सांगितलं. मग आम्ही पलीकडच्या भावाच्या विहिरीवर गेलो, तिचं पाणी वीसेक फुटांवर राहतं. तिथं टाळी वाजवली तर दुसरी टाळी वेगळी ऐकूच आली नाही, पहिलीतच मिसळली. पोरगी म्हणाली, पप्पा, अजून छोटा आवाज पाहिजे, आणि दोन खडे घेऊन एकमेकांवर टकटक आपटत बसली. लाईट जाईपर्यंत तिथंच होतो.